रोगाचा नकाशा कसा वाचावा



२०१६ सालच्या सुरुवातीला सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात तापाचे काही रोगी आढळू लागले. ताप नेहमीचा नव्हता. एकाएकी अंग भाजून निघावे असा ताप, डोके फुटेल की काय असे दुखणे, कंबर-पाय मोडून येणे, उलट्या. आणि काहींना रक्तस्रावही. रोगी बहुतेक रानात आणि काजूच्या बागांत कामाला जाणारे. त्याच दिवसांत रानात माकडेही मरून पडलेली सापडत होती. तपासणीअंती कळले की हा माकडताप आहे.

या रोगाचे शास्त्रीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाचे रान आहे. तेथे १९५७ साली तो प्रथम ओळखला गेला. त्याचा विषाणू शोधून काढला तो पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमधील शास्त्रज्ञांनी. तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. हा विषाणू पसरवते रानातील एक बारीक गोचीड. तिची पिल्ले डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत पाल्यापाचोळ्यात फार असतात, आणि माणसाला डसतात तीही मुख्यतः पिल्लेच. माणसापासून माणसाला हा रोग होत नाही. पण ज्यांना होतो, त्या शंभरांतील तीन ते पाच जण दगावतात, आणि त्यावर रामबाण औषध नाही.

पुष्कळ वर्षे हा रोग कर्नाटकातील मलनाडापुरताच आहे अशी समजूत होती. मग २०१२ साली तो बंदीपूरच्या रानात दिसला, पुढे केरळातील वायनाडात, २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, आणि २०१६ साली सत्तरीला लागूनच असलेल्या आपल्या दोडामार्गात.

आता तुम्ही स्वतःला आरोग्य अधिकाऱ्याच्या जागी कल्पून पाहा. हाताखाली माणसे मोजकी, जीप एक, अंगाला लावायचे गोचीडरोधक तेल मोजके. आणि गावे मात्र शेकड्यांनी. पहिल्यांदा कोणत्या गावात जायचे? जेथे रोगी सापडले तेथे तर जायलाच हवे. पण जेथे अद्याप सापडला नाही आणि उद्या सापडणार आहे, ते गाव कोणते? या प्रश्नाचे उत्तर देण्याची एक रीत संख्याशास्त्रात आहे. इंग्रजी नावाने तिला स्पेशियल रिग्रेशन म्हणतात. नाव जड आहे, पण तिच्या मुळाशी असलेला विचार कोणाही शेतकऱ्याला पटेल असाच आहे. तोच आज तुमच्यापुढे मांडायचा आहे.

प्रथम माझीच एक फजिती सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी माझ्या वर्गातील मुलांना एक काम दिले. एका दवाखान्याच्या नोंदवहीतून तापाच्या रोग्यांची फक्त गावे आणि वाड्या उतरवून घ्यायच्या, नावे नाही. आणि तालुक्याच्या नकाशावर प्रत्येक रोग्यामागे एक तांबडा ठिपका लावायचा. मुलांनी हौसेने काम केले. नकाशा भिंतीवर लागला, आणि पाहतो तो काय, ओढ्याकाठच्या एका वाडीवर ठिपक्यांचा नुसता गालिचा! एक मुलगा उठून म्हणाला, "सर, दोष त्या ओढ्याच्या पाण्याचा आहे." मलाही ते पटले. मी ते वाक्य फळ्यावर लिहिले. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, ती आमची वाडी. दवाखाना आमच्या दाराशीच आहे. आम्ही शिंक आली तरी जातो. डोंगरावरचे लोक ताप अंगावरच काढतात."

फळ्यावरचे वाक्य मी पुसले. पण त्या दिवसापासून एक गोष्ट मनात पक्की बसली. चुकीचे वाक्य फळ्यावरून पुसता येते. वाडीला एकदा लागलेले नाव सहजासहजी पुसता येत नाही.

तेव्हा नकाशा वाचताना पहिला प्रश्न हा, की ठिपके रोगाचे आहेत की नोंदीचे? जेथे दवाखाना जवळ, रस्ता बरा, तेथे नोंदी जास्त. ज्या वाडीवर एकही ठिपका नाही तेथे रोग नाही असे समजू नये. कदाचित तेथे नोंद करणाराच पोचला नसेल.

दुसरा प्रश्न, किती लोकांमागे किती रोगी? येथे एक परदेशी उदाहरण घेतो. ते दूरचे आहे, पण जगभर ही विद्या शिकवताना हमखास ते घेतात, कारण त्यात सगळ्या खाचखळगा एकाच ठिकाणी दिसतात. उदाहरण आहे स्कॉटलंडचे. तेथे १९७५ ते १९८० या सहा वर्षांत पुरुषांना झालेल्या ओठाच्या कॅन्सरची मोजदाद केली गेली. देशाचे ५६ विभाग पाडले होते, आणि रोगी होते ५३६. ग्लासगो या मोठ्या शहरात २८ रोगी. आणि उत्तरेकडील स्काय-लोखाल्श या विरळ वस्तीच्या भागात फक्त ९. वरवर पाहणारा म्हणेल, ग्लासगो वाईट.

पण थांबा. लोकसंख्या आणि लोकांची वये लक्षात घेऊन हिशेब केला, की साऱ्या देशाच्या सरासरीने चालले असते तर कोठे किती रोगी असायला हवे होते? ग्लासगोत सुमारे ८८.७, प्रत्यक्षात २८. म्हणजे अपेक्षेच्या एक तृतीयांशाहूनही कमी. स्काय-लोखाल्शमध्ये अपेक्षा सुमारे १.४ ची; प्रत्यक्षात ९. म्हणजे सहापटीहून जास्त! ठिपके मोजणारा ग्लासगोला धावला असता आणि खरे संकट उत्तरेत राहिले असते.

पण या पटींवरही डोळे मिटून विसंबू नये. ट्वीडडेल नावाच्या एका छोट्या विभागात अपेक्षा १.८ ची होती आणि रोगी सापडला एकही नाही. मग तेथे धोका शून्य म्हणायचा? एखादा रोगी निघाला असता तर तोच आकडा एकदम निम्म्याच्या वर चढला असता. लहान गावाचे असेच असते. दोन घरांत दुखणे आले की गाव 'रोगट' ठरते, आणि एक वर्ष सुने गेले की 'निरोगी'. लहान आकडे असे वाऱ्यावरच्या दिव्यासारखे हलतात.

यावर उपाय काय? आपल्याकडे म्हण आहे : ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. गावांचेही तसेच. शेजारच्या दोन गावांत पाऊस सारखा, माती सारखी, रान तेच, बाजार तोच, लोकांचे कामधंदे तेच. म्हणून जवळच्या गोष्टींत लांबच्या गोष्टींपेक्षा साम्य अधिक असते. वॉल्डो टॉब्लर या भूगोलतज्ज्ञाने १९७० साली हाच विचार भूगोलाचा पहिला नियम म्हणून मांडला. डेव्हिड क्लेटन आणि जॉन काल्डोर या दोघांनी १९८७ साली हाच विचार स्कॉटलंडच्या आकड्यांना लावला. लहान विभागाचा आकडा डळमळीत आहे ना, मग त्याच्या शेजाऱ्यांकडून थोडे बळ उसने घ्या. गावाचा स्वतःचा आकडा मोठा आणि भक्कम असेल तर त्यालाच मान द्या. तो लहान असेल तर शेजाऱ्यांच्या आकड्यांकडे त्याला थोडे सरकवा. असे केले की नकाशावरचे उगाचचे भडक डाग शांत होतात, आणि खरोखरचे असतील ते उरतात.

आता येऊ मुख्य मुद्द्याकडे. रोग कोठे आहे हे कळले. का आहे, ते कसे कळावे?

समजा, गावात एकाचे भात इतरांपेक्षा दीडपट आले. कोणी म्हणेल, बियाणे नवे होते. कोणी म्हणेल, शेणखत भरपूर होते. तिसरा म्हणेल, त्याचे शेत पाणथळ. तिघेही थोडेथोडे बरोबर असू शकतील. मग प्रत्येकाचा वाटा किती? ज्यांची जमीन सारखी पण खत वेगळे अशी शेते एकमेकांशी ताडून पाहा. मग खत सारखे पण बियाणे वेगळे अशी पाहा. अशी पुष्कळ शेते एकदम घेऊन प्रत्येक कारणाचा वाटा गणिताने वेगळा काढणे, यालाच रिग्रेशन म्हणतात. म्हणजे श्रेयाची आणि दोषाची वाटणीच म्हणा ना!

स्कॉटलंडात प्रत्येक विभागासाठी एक गोष्ट पाहिली गेली : शेती, मासेमारी आणि जंगलकाम यांवर पोट भरणारे लोक शंभरांत किती? स्काय-लोखाल्शमध्ये १६, एडिंबरोत १, आणि ग्लासगोत जवळजवळ शून्य. कारण उघड आहे. उघड्यावर काम करणाऱ्याच्या ओठांवर वर्षानुवर्षे ऊन पडते, आणि ओठाच्या कॅन्सरचे ऊन हे एक जाणते कारण आहे. येथे एक गंमत लक्षात घ्या. स्कॉटलंडच्या उत्तरेत ऊन दक्षिणेपेक्षा कोवळे. आणि रोग मात्र उत्तरेत जास्त. नुसता नकाशा पाहून कोणी सहज म्हणाला असता, उन्हाचा आणि या रोगाचा संबंधच नाही. पण ऊन किती कडक, याइतकेच माणूस उन्हात किती राहतो हेही महत्त्वाचे. ही दुसरी गोष्ट हिशेबात धरली तेव्हा नकाशाचा अर्थ लागू लागला.

मग 'स्पेशियल' म्हणजे स्थळाचा विचार येथे कोठे आला? तो असा. वाटणी झाल्यावर प्रत्येक गावाची काही शिल्लक राहते. हिशेबाप्रमाणे दहा रोगी यायला हवे होते, आले चौदा, शिल्लक चार. दुसरीकडे आठ हवे होते, आले पाच, तूट तीन. या शिलका आणि तुटी पुन्हा नकाशावर मांडायच्या. त्या कशाही विखुरलेल्या दिसल्या तर ठीक. पण शिलका सगळ्या एका कोपऱ्यात आणि तुटी दुसऱ्या कोपऱ्यात गोळा झाल्या, तर समजावे की हिशेबातून काहीतरी निसटले आहे. असे काहीतरी, जे त्या कोपऱ्यातल्या सगळ्याच गावांत आहे. असा गोळा झाला आहे की नाही हे मोजण्याचे माप मोरान नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९५० साली दिले. ते आजही वापरात आहे.

हा गोळा दुर्लक्षून चालत नाही. का, ते पाहा. कोर्टात दहा साक्षीदार आले आणि सगळ्यांनी एकच सांगितले, तर न्यायाधीशाला भरवसा वाटतो. पण ते दहाही जण एकाच घरातले निघाले तर? मग ती दहा साक्षींची गोष्ट राहत नाही; फार तर दोन-तीन साक्षींची. शेजारशेजारची गावे ही अशीच एका घरातली साक्षीदार आहेत. साधे रिग्रेशन त्यांना परकी समजते, आणि म्हणून नको इतक्या खात्रीने बोलते. स्थळाचा विचार करणारे रिग्रेशन आधी नाते विचारते, आणि मग साक्षीचे वजन ठरवते. स्कॉटलंडच्या हिशेबात हा शेजारगुण धरला तेव्हा उघड्यावरच्या कामाचा वाटा नाहीसा झाला नाही. पण आधी वाटला होता त्याच्या सुमारे निम्म्यावर आला. पहिले उत्तर खोटे नव्हते. ते फुगलेले होते.

आता ही शिदोरी घेऊन आपण पुन्हा सह्याद्रीत येऊ.

माकडतापासाठी असाच अभ्यास शिमोगा जिल्ह्यातील रोग्यांच्या नोंदी घेऊन केला गेला, आणि तो २०२० साली प्रसिद्ध झाला. भारतीय आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तो मिळून केला. आरोग्य, पशुवैद्यक आणि वन या खात्यांतील मंडळींना विचारून कोणत्या गोष्टी तपासायच्या ते ठरवले. उपग्रहावरून दिसणारे रान, रानाचा प्रकार, लागवडीच्या बागा, गुरांची संख्या अशा गोष्टी एकीकडे, आणि रोगी कोठे निघाले हे दुसरीकडे.

आपल्याला वाटते, रानातला रोग, म्हणजे जेथे रान सर्वांत घनदाट तेथे धोका सर्वांत मोठा. उत्तर तसे आले नाही. रोगी अधिक आढळले ते सरमिसळ मुलखात. म्हणजे जेथे ओलसर सदाहरित रान आणि लागवडीच्या बागा एकमेकांत गुंतल्या आहेत आणि गावठी गुरे पुष्कळ आहेत, तेथे. कोरडे पानझडीचे रान जेथे जास्त, तेथे धोका कमी दिसला. थोडक्यात, जेथे माणसाचे काम, गुरांची चराई आणि माकडांचे रान यांच्या सीमा एकमेकांत मिसळतात, तेथे हा ताप दबा धरून असतो. विचार करा : आपल्या तळकोकणात आणि गोव्यात डोंगरउतारावर रान, काजू, पोफळी, भातखाचरे आणि गोठे किती जवळजवळ असतात!

याचा उपयोग काय? ज्या गावात अजून एकही रोगी निघाला नाही, पण ज्याचा मुलूख असाच सरमिसळ आहे, त्या गावाला आधी सावध करता येते. तेल आधी पोचवता येते. डॉक्टरला सांगता येते की हंगामात रानात जाणाऱ्याला ताप आला तर हा रोगही मनात धर.

पण येथेच एक धोक्याची सूचना द्यायला हवी. हे ऐकून कोणी म्हणेल, "गुरांमुळे ताप येतो, गुरे विकून टाका." नाही! अभ्यास सांगतो तो मुलखाविषयी. एकेका घराविषयी नव्हे. जास्त गुरे असलेल्या मुलखात रोगी जास्त, याचा अर्थ ज्याच्या गोठ्यात चार गुरे त्याला ताप आणि ज्याच्याकडे एकही नाही तो सुरक्षित, असा होत नाही. गाय-बैल या रोगाने आजारी पडत नाहीत. मोठ्या गोचिडी त्यांच्या अंगावर पोसतात, एवढेच. गुरे न पाळणारी बाईसुद्धा काजू वेचायला त्याच रानात गेली तर तिला गोचीड डसायची राहत नाही. मुलखाचे सत्य माणसावर तसेच्या तसे लादणे, ही चूक शिकलेसवरलेलेही करतात. माझ्या फळ्यावर ती झाली होतीच.

आणि नकाशाने सारे कळते असेही नाही. दोन गोष्टी बरोबरीने वाढताना दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली, हे तेवढ्यावरून सिद्ध होत नाही. नकाशा संशय कोठे घ्यावा ते दाखवतो. मग रानात जाऊन गोचिडी गोळा करणे, मेलेल्या माकडांची तपासणी, रोग्यांच्या रक्ताची तपासणी, हे करावेच लागते. दोन्ही साक्षी जुळल्या, म्हणजे मग निकाल.

आता शिक्षकबंधू-भगिनींना आणि गावकऱ्यांना थोडे. हे सगळे गणित संगणक करतो. पण त्याला लागणारा दाणागोटा मिळतो गावातून. तुमची नोंद चुकली तर शहरातला मोठ्यात मोठा पंडितही चुकीचेच उत्तर काढील.

पहिली गोष्ट. नोंदवहीत आपण लिहितो रोग्याचा पत्ता, म्हणजे तो जेथे झोपतो ती जागा. पण गोचीड डसते तो जेथे काम करतो तेथे. गोचीड डसल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांनी ताप येतो. म्हणून रोग्याला विचारावे, "गेल्या आठ-दहा दिवसांत कुठल्या रानात, कुठल्या बागेत गेला होतास?" ती जागा, वाडी आणि तारीख आरोग्य सेवकाला सांगावी. या एका प्रश्नाने नकाशावरचा ठिपका त्याच्या खऱ्या जागी जातो.

दुसरी गोष्ट. रानात माकड किंवा वानर मेलेले दिसले तर हात लावू नये, जवळ जाऊ नये. जागा लक्षात ठेवून वन खात्याला किंवा आरोग्य केंद्राला लगेच कळवावे. मेलेल्या माकडाच्या अंगावरून उतरलेल्या गोचिडी भोवताली पसरतात. माणूस आजारी पडण्याआधी रान आपल्याला दिलेली ही वर्दी आहे.

तिसरी गोष्ट. हंगामात काजू वेचायला, लाकडे तोडायला किंवा गोठ्यासाठी पातेरा आणायला जाताना अंग झाकणारे कपडे घालावेत आणि उघड्या अंगाला गोचीडरोधक तेल लावावे. परत आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करावी, कपडेही गरम पाण्यात टाकावेत. मुलांचे अंग तपासून पाहावे. ताप आलाच तर तो अंगावर काढू नये.

आणि चौथी गोष्ट शाळेची. मुलांना आपल्या गावाचा नकाशा काढायला लावा. रान कोठे, बाग कोठे, गोठे कोठे, पाणी कोठे, दवाखाना किती लांब. त्यावर ठिपके लावायला शिकवा. पण ठिपके लावून झाले की खडू लगेच हातात घेऊ नका. विचारा : येथे राहतात किती जण? येथून दवाखान्यात येते कोण आणि येत नाही कोण? शेजारच्या वाडीत काय आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे येईपर्यंत कोणत्याही वाडीला दोष लावू नका. मागच्या बाकावरून कोणी काही सांगू पाहत असेल, तर त्याचे आधी ऐकून घ्या.